भरलेला तलाव, रिकामा तलाव : चेंबरंबक्कमच्या निमित्ताने बहुउद्दिष्ट निर्णयांचा इतिहास

१. प्रस्तावना

चेन्नईच्या पश्चिमेला सुमारे २५ किलोमीटरवर चेंबरंबक्कम नावाचा जुना, विस्तीर्ण तलाव आहे. त्याची साठवणक्षमता ३,६४५ दशलक्ष घनफूट, म्हणजे साधारण ३.६ टीएमसी. पूर्ण भरला की पाण्याची खोली २४ फूट होते. शहराला पिण्याचे पाणी देणाऱ्या प्रमुख तलावांपैकी हा एक. त्याच्या दरवाज्यांतून सोडलेले पाणी अड्यार नदीत येते आणि दाट वस्तीतून वाहत समुद्राला मिळते.

या तलावाकडून शहराच्या दोन अपेक्षा आहेत. उन्हाळ्यात पाणी पुरावे म्हणून डिसेंबरअखेर तो काठोकाठ भरलेला हवा. अड्यारला पूर येऊ नये म्हणून नोव्हेंबरात तो काहीसा रिकामा हवा. चेन्नईला वर्षाच्या पावसापैकी निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या काळातच मिळतो. त्यामुळे तलाव भरण्याचे दिवस आणि पुराचे दिवस वेगळे काढता येत नाहीत. दोन्ही अपेक्षा रास्त आहेत, पण दोन्ही एकाच वेळी पूर्ण होत नाहीत.

अशा प्रश्नांसाठी जी विद्याशाखा उभी राहिली तिला बहुउद्दिष्ट निर्णय विश्लेषण म्हणतात. मी चेन्नईतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात हा विषय शिकवतो. पाठ्यपुस्तकात तो सूत्रांपासून सुरू होतो. या टिपणात आपण तो इतिहासाकडून पाहणार आहोत. कारण ही सूत्रे माणसांना का शोधावी लागली हे समजले, की ती कुठे उपयोगी पडतात आणि कुठे पडत नाहीत हेही समजते.

२. एका शहराच्या दोन भीती

चेन्नईचा पाण्याचा इतिहास मुख्यतः टंचाईचा आहे. १८७२ साली कोसस्थलैयार नदीचे पाणी चोळावरम आणि रेड हिल्स तलावांत वळवून शहराला संघटित पाणीपुरवठा सुरू झाला. १९४४ मध्ये पूंडीचा जलाशय बांधला गेला. तरीही पाणी पुरेना. १९७६ साली महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या तीन राज्यांनी कृष्णेच्या आपापल्या वाट्यातून प्रत्येकी ५ टीएमसी पाणी मद्रास शहरासाठी देण्याचे मान्य केले. एकूण १५ टीएमसीपैकी वाटेतली तूट वजा जाता १२ टीएमसी तमिळनाडूच्या सीमेवर मिळावे असे ठरले. कालव्याचे काम होऊन ते पाणी प्रत्यक्ष पोहोचायला १९९६ साल उजाडले. महाबळेश्वराला उगम पावणाऱ्या नदीचा एक छोटा हिस्सा असा चेन्नईच्या नळांत आला.

२००३-०४ च्या दुष्काळात तलाव आटले आणि शहर टँकरवर जगले. २००३ मध्येच तमिळनाडूने सर्व इमारतींना पर्जन्यजल संधारण सक्तीचे केले. २००४ मध्ये वीराणम तलावाचे पाणी लांबून आणले गेले. पुढे २०१० मध्ये मिंजूरला आणि २०१३ मध्ये नेम्मेलीला समुद्राचे पाणी गोडे करणारे प्रकल्प सुरू झाले. या काळात पाणी सांभाळणाऱ्या कोणत्याही अभियंत्याच्या मनावर एकच धडा कोरला गेला असणार : हाती आलेले पाणी सोडायचे नाही.

मग २०१५ साल आले. त्या नोव्हेंबरात चेन्नईत १,०४९ मिलिमीटर पाऊस झाला. १९१८ नंतरचा तो सर्वाधिक नोव्हेंबर होता. १ डिसेंबरला चोवीस तासांत चेंबरंबक्कमला सुमारे ४७ आणि तांबरमला ४९ सेंटिमीटर पाऊस कोसळला. त्या वेळी तलावाची पातळी सुमारे २२ फूट होती. सकाळी मामुली असलेला विसर्ग संध्याकाळनंतर सुमारे २९,००० क्युसेकपर्यंत वाढवावा लागला. रात्री अड्यारकाठच्या सैदापेट, कोट्टूरपुरम, जाफरखानपेट या भागांत पाणी शिरले. विमानतळ बंद पडला. १८७८ साली स्थापन झालेले 'द हिंदू' हे वृत्तपत्र दुसऱ्या दिवशी निघू शकले नाही, कारण कामगार छापखान्यापर्यंत पोहोचू शकले नाहीत. त्या मोसमातल्या पावसाने आणि पुराने तमिळनाडूत शेकडो माणसे गेली.

चौकश्या झाल्या. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल २०१८ मध्ये विधानसभेत मांडला गेला आणि त्यात या पुराला मानवनिर्मित आपत्ती म्हटले गेले. पाऊसच असाधारण होता, ही राज्य शासनाची बाजू होती. अड्यारमध्ये त्या दिवशी चेंबरंबक्कमखेरीज अनेक छोट्या तलावांच्या सांडव्यांचेही पाणी येत होते, हेही खरे.

त्यानंतर चारच वर्षांनी, जून २०१९ मध्ये, हाच तलाव कोरडा पडला आणि त्याच्याबरोबर पूंडी, चोळावरम आणि रेड हिल्सही. १२ जुलै २०१९ रोजी जोलारपेट्टैहून २५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी चेन्नईत आली. मिरजेहून लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये गेलेली पाण्याची गाडी ज्यांना आठवते, त्यांना हे दृश्य वेगळे सांगायला नको.

२०१५ मध्ये 'पाणी आधी का सोडले नाही' असे विचारणारे आणि २०१९ मध्ये 'पाणी का साठवले नाही' असे विचारणारे एकाच शहरातले होते. दोन्ही प्रश्न घटना घडून गेल्यावर विचारले गेले. खरा प्रश्न घटनेपूर्वीचा आहे : पुढे पाऊस किती पडेल हे माहीत नसताना नोव्हेंबरअखेर तलावाची पातळी किती ठेवावी?

३. तोलण्याची रीत कशी घडली

परस्परविरोधी गोष्टी तोलण्याची एक लिखित रीत बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७७२ साली जोसेफ प्रीस्टली यांना लिहिलेल्या पत्रात सापडते. कागदाचे दोन भाग करावेत, एकीकडे बाजूचे मुद्दे आणि दुसरीकडे विरोधातले मुद्दे लिहावेत, काही दिवस त्यात भर घालत राहावे, मग सारख्या वजनाचे मुद्दे एकमेकांसमोर खोडून काय उरते ते पाहावे. रीत साधी आहे. पण महत्त्वाचे पाऊल तिच्यातच आले आहे : मुद्द्यांची नुसती संख्या नव्हे, त्यांचे वजनही पाहायचे.

सार्वजनिक कामांत हा विचार मुख्यतः पाण्याच्या वाटेने आला. अमेरिकेच्या १९३६ च्या पूरनियंत्रण कायद्याने अट घातली, की लाभ कोणालाही होवो, एकूण लाभ खर्चापेक्षा जास्त असला पाहिजे. येथून लाभ-खर्च विश्लेषण रूढ झाले. त्याची सोय अशी, की सगळे एका मापात, म्हणजे पैशात, मोजता येते. अडचणही तीच. बुडालेल्या घराची किंमत काढता येते. ते घर सोडून जाणाऱ्याच्या तुटलेल्या रोजगाराची आणि शेजाराची किंमत कशी काढायची?

१९५५ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठात अभियंते, अर्थशास्त्रज्ञ आणि राज्यशास्त्रज्ञ जलप्रकल्पांच्या आराखड्यावर एकत्र काम करू लागले. आर्थर मास आणि सहकाऱ्यांचा त्यावरचा ग्रंथ १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रकल्पाची उद्दिष्टे एकाहून अधिक असू शकतात आणि ती निवडणे हे संगणकाचे नव्हे, शासनाचे व समाजाचे काम आहे, हा विचार तिथे पुढे आला. १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये बर्नार रॉय यांनी 'इलेक्त्र' ही पद्धत मांडली. एका निकषावर फारच वाईट असलेला पर्याय इतर निकषांवर कितीही चांगला असला तरी तो रोखता यावा, अशी तरतूद त्या घराण्याच्या पद्धतींत आली. १९७६ मध्ये राल्फ कीनी आणि हॉवर्ड रायफा यांचा बहुउद्दिष्ट निर्णयांवरचा ग्रंथ आला. थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेली, निकषांची जोडीजोडीने तुलना करणारी पद्धत तुम्ही अभ्यासक्रमात वाचली असेलच.

४. दोन विमानतळांची गोष्ट

या इतिहासातली दोन उदाहरणे शेजारी ठेवण्यासारखी आहेत.

लंडनच्या तिसऱ्या विमानतळासाठी १९६८ मध्ये रॉस्किल आयोग नेमला गेला. त्याने चार जागांचा प्रचंड तपशिलाने लाभ-खर्च हिशोब केला. एका गावातल्या मध्ययुगीन चर्चची किंमत तिच्या आगविम्याच्या रकमेवरून धरण्याची कल्पना पुढे आली आणि लोक संतापले. १९७१ मध्ये आयोगाने कब्लिंग्टनची शिफारस केली. आयोगाचेच सदस्य कॉलिन ब्युकॅनन यांनी असहमती नोंदवली. सरकारने शिफारस बाजूला ठेवून समुद्रकाठच्या फाउलनेसची जागा निवडली आणि १९७४ मध्ये तोही प्रकल्प सोडून दिला. आकडेमोड चुकली म्हणून हा अहवाल पडला नाही. तो पडला, कारण लोक ज्याला मोल देत होते ते त्या आकड्यांत उतरलेच नव्हते.

त्याच सुमारास, १९७१ मध्ये, मेक्सिको शहराच्या विमानतळासाठी कीनी आणि रिचर्ड द नॉफव्हिल यांनी वेगळी वाट धरली. खर्च, क्षमता, पोहोचण्याचा वेळ, सुरक्षितता, विस्थापन आणि आवाज असे सहा निकष त्यांनी वेगवेगळे ठेवले. प्रत्येक निकष त्याच्या स्वतःच्या एककात मोजला : मिनिटांत, माणसांत, पैशांत. एका निकषावर किती मिळाले तर दुसऱ्यावर किती सोडाल, हे मग निर्णय घेणाऱ्या खात्यातल्या अधिकाऱ्यांनाच विचारले. तज्ज्ञाने वजन ठरवले नाही; वजन असणाऱ्यांकडून ते काढून घेतले आणि कागदावर आणले.

भारतात १९८७ च्या पहिल्या राष्ट्रीय जलनीतीने पाणीवाटपाचा प्राधान्यक्रम दिला : आधी पिण्याचे पाणी, मग सिंचन, मग जलविद्युत, आणि पुढे इतर. असा क्रम शब्दकोशासारखा चालतो. पहिले अक्षर पाहिल्याशिवाय दुसऱ्याकडे जायचे नाही. तो स्पष्ट असतो, पण 'किती' याचे उत्तर देत नाही. शिवाय पाणी 'वापरण्या'च्या यादीत 'पूर टाळण्यासाठी जागा रिकामी ठेवणे' हे बसतच नाही. चेंबरंबक्कमचा पेच या यादीने सुटत नाही तो त्यामुळे.

५. चेंबरंबक्कमचे गणित

आता आपण हिशोब करू. तलावाच्या वरच्या दोन फुटांत, म्हणजे २२ ते २४ फुटांच्या दरम्यान, ढोबळमानाने अर्धा टीएमसी पाणी मावते. हे अर्धा टीएमसी दोन बाजूंनी मोजा.

पहिली बाजू : अर्धा टीएमसी म्हणजे सुमारे १,४१६ कोटी लिटर. शहराचा पुरवठा दिवसाला ८३ कोटी लिटर धरला, तर हे सतरा दिवसांचे पाणी झाले.

दुसरी बाजू : २९,००० क्युसेक म्हणजे तासाला सुमारे १०४ दशलक्ष घनफूट. त्या रात्रीच्या विसर्गाच्या वेगाने अर्धा टीएमसी पाणी जायला पाच तासही लागत नाहीत.

वर्गात मी सुरुवातीला विचारतो, 'पाणी महत्त्वाचे की जीव?' उत्तर एकमुखाने येते : जीव. मग तलाव कायमचा रिकामा का ठेवत नाही, असे विचारले की वर्ग गप्प होतो. प्रश्नच चुकीचा आहे. दोन निकषांचे महत्त्व हवेत ठरत नाही. कोणत्या पल्ल्यात, किती बदलासाठी, हे सांगावे लागते. येथे खरा सौदा असा आहे : सतरा दिवसांचे पाणी गमावण्याचा धोका, आणि त्या बदल्यात महापुराच्या वेळी जेमतेम पाच तासांची उसंत. भारांक द्यायचे ते या पल्ल्यांना, 'पाणी' आणि 'जीव' या शब्दांना नव्हे. विद्यार्थ्यांकडून सर्वाधिक होणारी चूक हीच आहे.

आता तीन पर्याय घेऊ. पुढचे गुण केवळ सरावासाठी कल्पिलेले आहेत; ० म्हणजे तिन्हींतला सर्वांत वाईट, १०० म्हणजे सर्वांत चांगला.

- पर्याय क : पातळी २४ फूट. साठवण १००, पूरसुरक्षा ०.
- पर्याय ख : पातळी २२ फूट. साठवण ७५, पूरसुरक्षा ५०.
- पर्याय ग : पातळी १८ फूट. साठवण ०, पूरसुरक्षा १००.

साठवणीचा भारांक 'व' धरला, तर पूरसुरक्षेचा भारांक १ − व. एकूण गुण असे येतात :

- क = १०० व
- ख = ७५ व + ५० (१ − व) = ५० + २५ व
- ग = १०० (१ − व)

'व' ०.४ पेक्षा कमी असेल तर ग श्रेष्ठ ठरतो. ०.४ ते ०.६७ च्या दरम्यान ख. त्याहून अधिक असेल तर क. म्हणजे नेमका आकडा माहीत नसला तरी चालते. आपण कोणत्या पट्ट्यात आहोत एवढे ठरवता आले तरी निर्णय होतो. याला संवेदनशीलता विश्लेषण म्हणतात आणि माझ्या मते या पद्धतीचा हा सर्वांत उपयोगी भाग आहे.

एक सावधगिरी. अशी बेरीज एका निकषाचा तोटा दुसऱ्याच्या लाभाने भरून निघतो असे गृहीत धरते. नदीकाठच्या वस्तीत पाणी शिरण्याच्या बाबतीत ते नेहमी मान्य होणार नाही. तेथे रॉय यांच्या पद्धतीसारखी 'याच्या खाली नाही' अशी मर्यादा घालावी लागते.

६. भारांक कोणाचा?

आता इतिहासाकडे परत येऊ. 'व' ची किंमत कोणी लिहून ठेवली नाही तर काय होते? ती नाहीशी होत नाही. दरवाजा उघडणारा किंवा न उघडणारा माणूस कोणता ना कोणता 'व' वापरतच असतो. फक्त तो शेवटच्या संकटाने ठरवलेला असतो. २००४ नंतर 'व' वर गेला असणार. २०१५ नंतर खाली आला. नोव्हेंबर २०२० मध्ये 'निवार' चक्रीवादळ येत असताना पातळी २२ फुटांवर पोहोचताच, तलाव पूर्ण भरण्याची वाट न पाहता, १,००० क्युसेकने विसर्ग सुरू करण्यात आला आणि तो पुढे टप्प्याटप्प्याने वाढवला गेला. हा बदल योग्य असेलही. पण बदल अनुभवाने घडला की भीतीने, हे ठरवायला आधीचा भारांक लिहिलेला असावा लागतो.

हा प्रश्न चेन्नईपुरता नाही. कोयनेच्या १०५.२५ टीएमसीच्या धरणाकडून वीज, सिंचन आणि पूरनियंत्रण अशा तीन अपेक्षा आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडाले तेव्हा तेथेही 'आधी का सोडले नाही' हाच प्रश्न आला आणि वडनेरे समिती नेमली गेली. त्याच पावसाळ्याच्या तोंडावर चेन्नई तहानलेली होती, हे लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. सतरा दिवसांचे पाणी आणि पाच तासांची उसंत या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या पदरात पडत नाहीत. पाण्याचा लाभ संपूर्ण शहराला मिळतो. पुराचा फटका आधी अड्यारच्या काठावर राहणाऱ्यांना बसतो. २०१५ नंतर काठावरच्या अनेक कुटुंबांना शहराबाहेर पेरुंबाक्कमच्या उंच इमारतींत हलवले गेले. त्यांची पुरापासून सुटका झाली, पण कामाची ठिकाणे आणि मुलांच्या शाळा दूर राहिल्या. आपल्या तक्त्यात हा स्तंभ नव्हता. तो घालायचा तर तीन पर्यायांचे गुण आणि कदाचित उत्तरही बदलेल. म्हणून तक्ता भरण्यापूर्वी विचारायचा प्रश्न : या तक्त्याचे स्तंभ ठरवताना खोलीत कोण होते?

एका वर्षी वर्गात वरचे उदाहरण सोडवून घेतले. बहुतेकांनी 'व' ०.५ च्या आसपास धरला. मागच्या बाकावरच्या एका मुलाने ०.१ लिहिले होते. कारण विचारले तर म्हणाला, "सर, आमचं घर सैदापेटला होतं." शेजारचीने ०.८ लिहिले होते. २०१९ मध्ये तिची आई पहाटे घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभी राहत असे. दोघांचेही गणित बरोबर होते. त्या दिवशी आम्ही पुढची सूत्रे घेतली नाहीत. ते दोघे ज्या आकड्यावर राजी होतील असा आकडा आहे का, आणि नसेल तर कोणता चौथा पर्याय शोधता येईल, यावरच तास संपला. अंदाजानुसार पातळी टप्प्याटप्प्याने बदलायची, वरच्या छोट्या तलावांतला गाळ काढायचा, सोडलेले पाणी दुसऱ्या साठ्यात वळवायचे, असे पर्याय पुढे आले. चांगल्या विश्लेषणातून बऱ्याचदा असेच होते : भांडण भारांकावरून नवीन पर्यायाकडे वळते.

७. सारांश

बहुउद्दिष्ट निर्णय विश्लेषण योग्य उत्तर देत नाही. ते निकष वेगळे ठेवते, प्रत्येक निकषाचा पल्ला सांगायला लावते आणि भारांक कागदावर आणते. लिहिलेल्या भारांकावर वाद घालता येतो, तो बदलता येतो आणि त्याचा जाब विचारता येतो. न लिहिलेला भारांकही काम करतोच, पण त्याचा जाब कोणाला विचारायचा हे पूर ओसरल्यावर शोधत बसावे लागते.

विचारासाठी प्रश्न

१. वरच्या उदाहरणात ख पर्यायाचे पूरसुरक्षेचे गुण ५० ऐवजी ३० धरले, तर तो कोणत्या पट्ट्यात श्रेष्ठ ठरतो?

२. तुमच्या जिल्ह्यातल्या एका धरणाची किमान तीन उद्दिष्टे लिहा. त्यांतली कोणती दोन एकाच महिन्यात एकमेकांच्या आड येतात?

३. 'आधी पिण्याचे पाणी' हा प्राधान्यक्रम आणि भारांकांची पद्धत यांतला फरक अशा एका प्रसंगातून दाखवा, जिथे दोन्हींची उत्तरे वेगळी येतात.

४. तिसरा निकष म्हणून 'विस्थापन' घ्या. तो मोजण्यासाठी कोणते एकक वापराल, आणि ते ठरवण्यापूर्वी कोणाशी बोलाल?